जुने व्हिडिओ गेम आणि नवे : साठ मिनिटांच्या राजपुत्राचा हिशेब

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांमध्ये संगणक शिकवणाऱ्या वर्गांचे पेव फुटले होते. 'डॉस'च्या आज्ञा आणि 'वर्डस्टार' हा त्यांचा अधिकृत अभ्यासक्रम. परंतु शिक्षकांची पाठ वळताच अनेक पडद्यांवर पांढऱ्या कपड्यांतील एक तरुण धावू लागे. लोखंडी जाळीचे दरवाजे, पायाखालून निखळणाऱ्या फरश्या, जमिनीतून अचानक वर येणारे सुळे आणि तलवारधारी पहारेकरी यांतून वाट काढत त्याला राजकन्येपर्यंत पोहोचायचे असे. त्यासाठी त्याला नेमका एक तास मिळे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाचा हा खेळ फ्लॉपीत मावत असे, आणि फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात जायला वेळ लागत नसे.

जुने व्हिडिओ गेम सरस की नवे, हा वाद बहुधा दोनच वाक्यांत अडकतो. चाळिशी ओलांडलेले म्हणतात, आमच्या वेळी खेळात खरा कस लागत असे. मुले म्हणतात, त्या ठोकळ्यांच्या चित्रांत पाहण्यासारखे काय होते? वास्तविक चित्रांचा दर्जा हा या तुलनेतील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय. खेळ खेळाडूकडून काय मागतो, म्हणजे पैसा किती आणि वेळ किती, आणि त्या बदल्यात त्याच्या हाती काय ठेवतो, हा हिशेब गेल्या चार दशकांत पार उलटापालटा झाला आहे. तो तपासण्यासाठी या राजपुत्रासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. त्याचा पहिला खेळ १९८९ मधला. २००३, २००८ आणि २०२४ या वर्षी तो नव्या रूपात आला. मधल्या काळात त्याच्या एका पुनर्निर्मितीचे काम चक्क पुणे आणि मुंबईत झाले.

नाण्यावर चालणारा खेळ

'रेट्रो' या शब्दाची व्याख्या सैलच आहे. सर्वसाधारणपणे १९७० च्या दशकापासून ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंतचे खेळ त्यात धरले जातात. या काळाचा पहिला अध्याय नाण्याचा आहे. १९७२ मध्ये 'अटारी' कंपनीने 'पाँग' हे यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यालयात बसवले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. ते तयार करणारे अभियंते ॲलन अल्कॉर्न तपासायला गेले, तेव्हा नाण्यांची पेटी ओसंडल्याने यंत्र अडले असल्याचे आढळले. १९७८ मध्ये जपानच्या 'टायटो'चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्ये 'नामको'चा 'पॅक-मॅन' आला आणि नाण्यांचा हा ओघ जगभर वाहू लागला.

या यंत्रांचे अर्थशास्त्र सरळ होते. एका नाण्यात खेळाडू अर्धा तास खेळत राहिला, तर मालकाचे नुकसान. म्हणून खेळ काही मिनिटांत खेळाडूला बाद करील इतका कठीण हवा आणि 'आणखी एकदा' असे वाटावे इतका गोडही हवा. जुन्या खेळांच्या ज्या काठिण्याचे आज गोडवे गायले जातात, त्यातील मोठा वाटा कलेचा नव्हे, गल्ल्याचा होता. आपल्याकडील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे वा टोकन टाकून खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

घरी टीव्हीला जोडायची यंत्रे आली तेव्हा नाणे गेले, काठिण्य मात्र सवयीने मागे राहिले. भारतात जपानी 'निन्टेंडो'चे अस्सल यंत्र फार थोड्या घरांत पोहोचले. 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी मिळणाऱ्या त्याच्या नकलाच येथील मुलांच्या वाट्याला आल्या. कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे शास्त्र देशभर कोणी शिकवले कोण जाणे! 'कॉन्ट्रा'मध्ये तीन जिवांत शेवटपर्यंत पोहोचणे जवळपास अशक्य. म्हणून तीस जीव मिळवून देणारी बटणांची गुप्त जुळणी मुले पाढ्यासारखी पाठ करीत. ती मुळात 'कोनामी' कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रॅडियस' या खेळात घातली होती. हा खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जात होता.

घरच्या खेळाचा व्यवहार मात्र स्वच्छ होता. कॅसेट एकदा विकत घेतली की नंतर तो खेळ कोणाकडे काही मागत नसे. दुकानात ती बदलून घेता येई, मित्राला देता येई, पुढे धाकट्या भावंडाकडे जाई.

सावली कुठून आली?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा नाण्याच्या जगातला खेळ नव्हता. तो जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने घरगुती वापराच्या 'ॲपल-२' संगणकासाठी लिहिला. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा 'कराटेका' हा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध होऊन गाजला होता. १९८५ मध्ये हाती घेतलेला दुसरा खेळ पूर्ण व्हायला चार वर्षे लागली. संहिता, चित्रे, पातळ्यांची रचना हे सारे मुख्यतः एकट्याचे काम. संगीत वडिलांनी दिले.

राजपुत्राच्या हालचालीतील जिवंतपणा हे या खेळाचे मोठे आकर्षण होते. त्यासाठी मेकनरने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला आणि कठड्याला लटकायला लावले आणि व्हीएचएस कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. मग ते टीव्हीवर एकेका चौकटीवर थांबवून त्याची छायाचित्रे काढली, शाईने आकृत्यांच्या कडा ठळक केल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीच्या हालचाली १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिनहूड' या चित्रपटातील द्वंद्वयुद्धावरून घेतल्या. आज शेकडो सेन्सर लावून अभिनेत्यांच्या हालचाली टिपणारे स्टुडिओ उभे आहेत. त्यांचे काम मूलतः हेच.

या हालचालींनी संगणकाची मर्यादित स्मृती भरून टाकली. खेळात तलवारबाजी असावी, असे सहकारी मेकनरला वारंवार सुचवत होते. पण प्रतिस्पर्ध्याचे चित्र ठेवायला जागाच उरली नव्हती. अखेर एक युक्ती निघाली. राजपुत्राच्याच चित्रावर तेच चित्र एक बिट सरकवून गणिती क्रिया केली, की एक झगझगीत, भुतासारखी आकृती तयार होते आणि तिला वेगळी जागा लागत नाही. हीच ती प्रसिद्ध सावली. चौथ्या पातळीवर राजपुत्र आरशातून झेप घेतो, तेव्हा ती त्याच्यातून निघून दुसरीकडे पळते. पुढे त्याच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकते, ऐन उडीच्या वेळी दरवाजा बंद करते आणि बाराव्या पातळीवर तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर घाव घातला की राजपुत्राचाच जीव कमी होतो. तलवार म्यान करून तिच्या दिशेने चालत गेले, तरच दोघे पुन्हा एक होतात. इतकी अर्थपूर्ण कल्पना काही किलोबाइट कमी पडल्यामुळे जन्माला आली, हे आजही नवल वाटावे असेच आहे.

जुन्या खेळांत अशी उदाहरणे विपुल आहेत. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधील परग्रहवासी कमी होत गेले की त्यांचा वेग वाढतो, कारण थोड्या आकृत्या रेखाटायला प्रोसेसरला कमी वेळ लागतो. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हा दोष दुरुस्त न करता तसाच ठेवला आणि खेळातला सारा थरार त्यातूनच आला. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटचा. त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे म्हणजे एकच आकृती, केवळ रंग वेगळा. १९८४ च्या 'एलिट' या ब्रिटिश खेळात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. ते कुठेही साठवलेले नव्हते. एका लहानशा सूत्रातून दरवेळी नव्याने निर्माण होत.

त्याच्याशी आजच्या आकड्यांची तुलना केली तर चक्रावायला होते. 'रेड डेड रिडेम्प्शन-२' (२०१८) या खेळाला १०० जीबीच्या वर जागा लागते, म्हणजे एका मारिओच्या २५ लाखपट. निन्टेंडोच्या जुन्या यंत्रात चालू कामासाठी दोन किलोबाइट स्मृती होती, २०२० च्या 'प्लेस्टेशन-५'मध्ये १६ जीबी आहे. या मोकळीकीने काय दिले? घोड्याच्या टापांखाली दबणारा बर्फ दिला, पावसात भिजलेली गावे दिली, प्रत्येकाशी बोलता येईल अशी शेकडो माणसे दिली. हे सारे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु जागा संपत नसेल, तर 'हे टाकून द्या' असे कोणी म्हणत नाही, आणि आजच्या अनेक खेळांचा सुस्तपणा तेथेच उगम पावतो. 'एलिट'चे तंत्र मात्र आजही जिवंत आहे. २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय'मधील अब्जावधी ग्रह त्याच रीतीने सूत्रातून उगवतात.

मरणाची किंमत

मूळ राजपुत्राच्या तासाभराचे घड्याळ कधी थांबत नसे. मेलेला राजपुत्र त्याच पातळीच्या आरंभी पुन्हा उभा राही, हवे तितक्या वेळा. परंतु वाया गेलेली मिनिटे परत मिळत नसत. खेळ जतन करून ठेवता येई, पण उरलेली मिनिटेही त्याच्यासोबत तशीच जतन होत. मरण स्वस्त आणि वेळ महाग, असा तो हिशेब. ज्यांना तो परवडत नसे, ते डॉसवर खेळाच्या नावापुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकून पातळ्या ओलांडत. हा शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वर्गात फिरत असे.

२००३ मध्ये 'युबीसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीच्या मॉन्ट्रियल शाखेने, मेकनर यांनाच लेखक म्हणून सोबत घेऊन, 'द सँड्स ऑफ टाइम' काढला. येथे राजपुत्राच्या हाती एक जादूची कट्यार आहे. उडी चुकली की काळ काही सेकंद मागे नेता येतो, मात्र कट्यारीत वाळू शिल्लक असेल तरच. साऱ्या खेळाची कथा राजपुत्र स्वतः सांगत असतो. तो मेला की निवेदक म्हणून स्वतःलाच दुरुस्त करतो, की छे, असे घडलेच नव्हते. खेळाच्या तांत्रिक सोयीला कथेत इतकी चपखल जागा क्वचितच मिळाली असेल.

२००८ च्या आवृत्तीत कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. राजपुत्र दरीत कोसळू लागला की इलिका ही सोबतीण दरवेळी हात देऊन त्याला वर काढते. मरण संपले. यावर जुन्या खेळाडूंनी बरीच टीका केली. टीका अतिशयोक्त होती, कारण जुन्या खेळातही मेल्यावर पुन्हा सुरुवात होतच असे. तरीही तिच्यात तथ्य होते. धोकाच नसला की उडी मारताना छाती धडधडत नाही.

२०२४ च्या जानेवारीत आलेल्या 'द लॉस्ट क्राउन'ने यावर समंजस तोडगा काढला. माँपेलिए येथील चमूने केलेला हा खेळ पुन्हा द्विमितीय आहे, म्हणजे राजपुत्राच्या मूळ गावी परतल्यासारखा. तो कठीण आहे. परंतु शत्रूच्या घावाने किती इजा व्हावी, वार परतवायला किती सवड मिळावी, हे खेळाडूला स्वतः ठरवता येते. भूलभुलैयातील एखादी जागा लक्षात राहत नसेल, तर तेथील दृश्याचे चित्र काढून नकाशावर टाचून ठेवता येते. संवाद फारसी भाषेतही ऐकता येतात. अरेबियन नाइट्सच्या छापाचा काल्पनिक इराण रंगवणाऱ्या या मालिकेला ही भाषा सापडायला ३५ वर्षे लागली!

या बाबतीत नव्या खेळांची सरशी निर्विवाद मान्य केली पाहिजे. जुना खेळ दोन सशक्त हात, दोन तीक्ष्ण डोळे आणि चपळ बोटे गृहीत धरून चाले. ज्याच्यापाशी ती नव्हती, त्याच्यासाठी तो नव्हताच. २०१८ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'ने हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी खास नियंत्रक बाजारात आणला. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस : भाग दोन'मध्ये अशा सोयींचे साठहून अधिक पर्याय होते आणि केवळ आवाजाच्या व कंपनांच्या आधारे दृष्टिहीन खेळाडूंनी तो पूर्ण केला. 'आमच्या वेळी खेळ कठीण होते' असे अभिमानाने सांगताना, ते कोणासाठी कठीण होते, हाही प्रश्न विचारायला हवा.

नाणे परत आले

पैशाच्या बाबतीत मात्र चित्र उलट आहे. नव्वदच्या दशकात घरच्या खेळांनी हद्दपार केलेले नाणे मोबाइलच्या पडद्यामागून परत आले. २०१२ च्या 'कँडी क्रश सागा'चे उदाहरण घ्या. खेळ फुकट, जीव पाच. ते संपले की एक जीव परत येण्यासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. पार्लरमधील यंत्र निदान उघडपणे नाणे मागत होते, आणि खिसा रिकामा झाला की माणूस घरी जात होता. नव्या व्यवस्थेत पार्लर खिशातच असते.

पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या खेळांतही ही पद्धत शिरली. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या खेळाने घोड्यासाठी शोभेचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची टिंगल केली. पुढे तीच रीत झाली. २०१७ च्या नोव्हेंबरात 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट-२' मध्ये आत काय निघेल हे ठाऊक नसलेल्या पेट्या विकण्यावरून असा गदारोळ झाला, की प्रकाशनाच्या आदल्या रात्री कंपनीला पैशाचा व्यवहार थांबवावा लागला. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या जुगार नियामकांनी अशा पेट्या जुगारात मोडतात, असा निर्वाळा दिला. भारतीय संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे.

राजपुत्राच्या घराण्याचीही यातून सुटका झाली नाही. 'सँड्स ऑफ टाइम'नंतरच्या एका नियोजित भागात राजपुत्राच्या रक्षकाला नायक करायचे ठरले आणि त्यातूनच 'असॅसिन्स क्रीड' (२००७) ही स्वतंत्र मालिका जन्मली. तिचा २०१८ मधील 'ओडिसी' हा भाग पुरता खेळायला शंभर तासही कमी पडतात. तो पूर्ण किमतीला विकला गेलाच, शिवाय त्यात खेळाडूची प्रगती कायमची वेगवान करणारी सोय वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवली होती. अशा सोयींचे दुकानातील नाव होते 'वेळ वाचवणारे'. म्हणजे आधी खेळ लांबवायचा आणि मग तो आखूड करण्याचे पैसे घ्यायचे. साठ मिनिटांत संपलाच पाहिजे, अशा अटीवर बेतलेल्या खेळाचा हा वंशज आहे, हे सांगूनही खरे वाटू नये.

एकटा आणि पंधरा स्टुडिओ

खेळ इतके लांबण्यामागे त्यांचा खर्चही आहे. १९८९ च्या खेळामागे मुख्यतः एक माणूस होता. २०२० च्या 'असॅसिन्स क्रीड वल्हाला'वर कंपनीच्या १५ स्टुडिओंनी काम केले. इतक्या पगारांची बेगमी एका विक्रीतून होत नाही. म्हणून खेळाडूला महिनोन्‌महिने बांधून ठेवावे लागते.

या जागतिक कामवाटपात महाराष्ट्रही आहे. युबीसॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ २००८ पासून, तर मुंबईतील २०१८ पासूनचा. २०२० च्या सप्टेंबरात 'सँड्स ऑफ टाइम'ची नव्याने घडवलेली आवृत्ती या दोन स्टुडिओंकडून येणार, अशी घोषणा झाली. एका नामांकित मालिकेची धुरा भारतीय चमूकडे येणे, ही साधी गोष्ट नव्हती. मात्र पहिली चित्रफीत पाहून चित्रांच्या दर्जावर जगभरातून टीका झाली. प्रकाशनाची तारीख आधी काही आठवडे, मग बेमुदत पुढे ढकलली गेली आणि २०२२ च्या मे महिन्यात हे काम मॉन्ट्रियलकडे सोपवण्यात आले. जाहीर झालेल्या एकाही तारखेस तो खेळ लोकांच्या हाती पडला नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ खेळाला चार वर्षे लागली तेव्हा तो अपुरा असताना कोणी पाहिला नव्हता. पुणे-मुंबईच्या चमूची परीक्षा एका चित्रफितीवर, अर्ध्या वाटेत झाली.

२०२० मध्येच पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स' या लहान कंपनीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल आणि भिंतीवरून धावत खांबावर घेतलेली झेप. खेळणाऱ्याला तो राजपुत्र आठवल्यावाचून राहत नाही. लहान चमूंचे हे पुनरागमन नव्या काळाची जमेची बाजू होय. २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरील खेळ एरिक बरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने बसून केला. त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. चित्रे मुद्दाम जुन्या ठोकळ्यांची आणि किंमत एकदाच. त्यातही बरोन यांना मेकनरला नसलेली एक सोय मिळाली : प्रकाशनानंतर खेळ सुधारत राहण्याची. जुना खेळ एकदा कॅसेटमध्ये गेला की त्यातील चूक कायमची. 'पॅक-मॅन'च्या २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो आणि पुढे जाता येत नाही, कारण पातळी मोजणाऱ्या आकड्याला २५५ च्या पुढे मोजता येत नव्हते. या सोयीचा दुरुपयोगही होतो. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' इतक्या कच्च्या स्थितीत विकला गेला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देऊ केले.

खोक्यातील फ्लॉप्या

सर्वांत गंभीर फरक मात्र खेळ संपल्यानंतरचा आहे.

मेकनर यांनी २००२ च्या सुमारास मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची संहिता शोधली, तेव्हा ती कुठेच सापडली नाही. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या मिळाल्या. चुंबकीय तबकडीचे आयुष्य फार नसते. जुन्या यंत्रांचे जाणकार जमले, ॲपलची जुनी यंत्रे जोडली गेली आणि २२ वर्षांहून अधिक काळ पडून असलेली संहिता शाबूत निघाली. मेकनर यांनी ती सर्वांसाठी खुली केली. आज कोणीही ती वाचून सावली नेमकी कशी तयार होते, हे पाहू शकतो.

सर्वच जुन्या खेळांचे नशीब असे नाही. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता विक्रीस उपलब्ध नाहीत. तरीही त्या खेळांची कॅसेट किंवा तबकडी कोणाच्या तरी माळ्यावर असते, म्हणून आशा असते. जुनी यंत्रे नव्या संगणकावर हुबेहूब भासवणारे 'मेम'सारखे कार्यक्रम हौशी मंडळींनी १९९७ पासून विकसित केले. पार्लरमधील हजारो यंत्रे त्यामुळे जिवंत राहिली. कायद्याच्या दृष्टीने यातील बराच भाग संदिग्ध आहे, परंतु कंपन्यांनी जे जपले नाही ते याच मंडळींनी जपले.

नव्या खेळांना माळाच नाही. २०१४ चा 'द क्रू' हा मोटार शर्यतीचा खेळ युबीसॉफ्टचाच. तो एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या तबकड्या निरुपयोगी ठरल्या. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' चळवळीच्या निवेदनाला २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ वापराचा परवाना मिळत आहे, हे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असे लिहिण्यास मनाई आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा अनुभव वेगळ्या कारणाने आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात 'पब्जी मोबाइल' होता. ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले आणि खेळाडूंनी पैसे खर्चून जमवलेले पोशाख, शस्त्रांचे रंग, मानांकने एका रात्रीत अदृश्य झाली. २०२१ च्या जुलैत 'बीजीएमआय' या नावाने खेळ परतला, तेव्हा जुने खाते हलवण्यासाठी मर्यादित मुदत मिळाली. बंदी योग्य होती की नव्हती, हा वेगळा विषय. कॅसेट असती, तर ती कपाटात तरी राहिली असती.

आज खेळायचे असल्यास

मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची डॉस आवृत्ती 'इंटरनेट अर्काइव्ह'ने २०१५ च्या जानेवारीत खुल्या केलेल्या जुन्या खेळांच्या संग्रहात आली आणि ती थेट ब्राउझरमध्ये खेळता येऊ लागली. जुना खेळ नव्या सपाट टीव्हीवर खेळताना मात्र एक अडचण जाणवते. जुन्या नळीच्या टीव्हीवर बटण दाबताच चित्र हले. नव्या टीव्हीवर चित्रावर प्रक्रिया होते आणि क्षणाचा काही अंश वाया जातो. टीव्हीच्या व्यवस्थेत 'गेम मोड' असल्यास तो सुरू करावा. 'डक हंट'ची बंदूक मात्र सपाट टीव्हीवर चालणार नाही, कारण नळीच्या पडद्यावर प्रकाश ज्या क्षणी उमटतो, त्या क्षणाच्या नेमकेपणावरच ती नेम ओळखते.

राजपुत्रासाठी बाणांची चार बटणे आणि 'शिफ्ट' एवढेच लागते. 'शिफ्ट' दाबून ठेवून बाणाचे बटण दाबले की तो जपून एकेक पाऊल टाकतो. सुळ्यांमधून असेच चालत जावे. धावत गेल्यास ते जीव घेतात. तलवार पहिल्याच पातळीवर मिळते, पण दरवाजापासून बरीच दूर, खालच्या अंगाला. तिच्याविना पहारेकऱ्यासमोर गेल्यास एकाच वारात खेळ पुन्हा आरंभी येतो, घड्याळ मात्र पुढेच जाते.